सरकारच्या नावाचा बेलभंडार

॥ श्री ॥
नळदुर्ग, १० मार्च १९६३

ती. दादांस चारूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. रागवायचंच असेल तर तुमच्या मेव्हण्यांवर रागवा. घरात दौत ठेवायलाही जागा उरलेली नाही. ओसरीपासून माजघरापर्यंत कांबळ्यांच्या थप्प्या लागल्यात आणि भाताला, आमटीला, देवाच्या वस्त्राला, सगळ्याला मेंढराचा वास येतो. पूजेला बसले की हे म्हणतात, "अगं, देवालाही थंडी वाजते." यावर काय बोलायचं?

चीनच्या लढाईत आपले जवान बर्फात उघडे पडले, तेव्हा सरकारनं मिळेल तिथून लोकरीची पांघरुणं मागवली. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला माणूस, शाळांना सतरंज्या पुरवणारा, एकदम फौजेचा कंत्राटदार झाला. लोकर बिराप्पा धनगराच्या कळपाची आणि माग सिद्रामप्पा सनगराच्या आळीतले. सगळ्यांनी जीव ओतून काम केलं. सिद्रामप्पाची बायको तर प्रत्येक कांबळं उचलताना त्याला हळद-कुंकू लावायची, पोरांच्या अंगावर जायचंय म्हणून.

आता अडचण ऐका. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, घाईत काळी कांबळी चालवून घेतली, पुढची खाकीच पाहिजेत. काळ्या लोकरीवर रंग बसत नाही. म्हणजे पांढरी लोकर पाहिजे, म्हणजे पांढरी मेंढरं पाहिजेत. आपल्या भागात धनगराचं मेंढरू काळंच. यांनी बिराप्पाला सांगितलं, काळे एडके काढ, पांढरे आण. त्यावर तो यांच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "मालक, कळप पालटायचा म्हंजे तीन पावसाळे. तवर सरकार हितंच ऱ्हाईल का?"

हे हसले. मला हसू आलं नाही. दादा, तुम्ही दिल्लीत पुरवठ्याच्या कचेरीत बसता. तुम्हीच सांगा, सरकार तीन पावसाळे थांबेल ना?

वहिनींना नमस्कार.
तुमची चारू

॥ श्री ॥
दिल्ली, २२ मार्च १९६३

चि. सौ. चारूस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचून मीही हसलो. गोपाळरावांना सांग, निर्धास्त राहा. यंदाचं अंदाजपत्रक मी स्वतः वाचलं आहे. संरक्षणाचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. असं याआधी कधी झालं नव्हतं. आमच्या कचेरीत जो तो हेच बोलतो आहे. पुढची पाच वर्षं सैन्य वाढत राहणार, आणि सैन्य वाढलं की पांघरुणं वाढणारच, त्याला पंचांग बघायला नको. चीन काही हिमालयावरून उठून जात नाही आणि हिमालयातली थंडीही जात नाही.

मी साधा कारकून आहे, हुकूम माझ्या हातचा नाही. पण पैसा कुठं वाहतो आहे हे आम्हाला आधी दिसतं. बिराप्पाला म्हणावं, सरकार म्हणजे आठवड्याच्या बाजारातलं गिऱ्हाईक नव्हे, की आज आलं नि उद्या दिसलं नाही.

घरातून कांबळ्यांचा वास जाईल तेव्हा तुला त्याची आठवण येईल, बघ.

तुझा दादा, विष्णुपंत

॥ श्री ॥
नळदुर्ग, ४ नोव्हेंबर १९६३

ती. दादांस चारूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र यांनी बिराप्पाला वाचून दाखवलं, सिद्रामप्पाच्या आळीला वाचून दाखवलं, आणि मला वाटतं किल्ल्यातल्या माकडांनाही वाचून दाखवलं असेल. तरी बिराप्पाची आई कडूबाई हटेना. म्हातारी म्हणाली, "कागुद वाऱ्यानं उडतंय. जबान पायजे."

मग काय झालं ते सांगते. सोलापूरच्या रस्त्यावर माळावर त्यांच्या बिरोबाचं ठाणं आहे, तिथं सगळे जमले. मीही गेले होते. देवापुढचा बेल आणि भंडारा कडूबाईनं यांच्या ओंजळीत घातला आणि म्हणाली, "बोल, सरकार पाट फिरवनार न्हाय." यांनी एक क्षणही विचार केला नाही. भंडारा कपाळापर्यंत उचलला आणि म्हणाले, "सरकारच्या नावानं उचलतो. सरकार पाठ फिरवणार नाही."

त्यानंतर काळे एडके दिले. त्यातला जो जुना होता, त्याच्या कपाळाला कडूबाईनं हळद चोपडली आणि त्याला कर्नाटकातल्या माणसाच्या हवाली करताना ती रस्त्यावर बसून रडली. पांढरे एडके आले ते उंच पायांचे, परक्यासारखे उभे होते. आता काळं कोकरू झालं की विकायचं, पांढरं ठेवायचं असं ठरलंय. गावात बाया हसतात. म्हणतात, पांढरं घोंगडं पांघरून माणूस निजला तर मेल्यागत दिसेल, कोण घेईल ते?

हे म्हणतात, फौज घेईल. यांना इतकं आनंदात मी लग्नातही पाहिलं नव्हतं. मला मात्र त्या पिवळ्या ओंजळीची भीती वाटते. दादा, दुसऱ्याच्या नावानं शपथ घेता येते का हो?

तुमची चारू

॥ श्री ॥
दिल्ली, १ डिसेंबर १९६३

चि. सौ. चारूस अनेक आशीर्वाद.

गोपाळरावांनी कमाल केली. इथं मंत्रीसुद्धा सरकारच्या वतीनं शपथ घेताना चार वकिलांना विचारतात, आणि आमच्या मेव्हण्यांनी एका ओंजळीत काम उरकलं! कचेरीत ही गोष्ट सांगितली तेव्हा आमचे मोठे साहेबही हसले. म्हणाले, असे पाच-दहा लोक असते तर सरकारला करारनाम्यांची गरज पडली नसती.

थट्टा राहू दे. घाबरू नकोस. पुजाऱ्याच्या मुलाला शपथेचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो. खाकीची पहिली मागणी लवकरच निघेल.

दादा

॥ श्री ॥
नळदुर्ग, १८ एप्रिल १९६५

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

मध्ये बरंच लिहिणं राहिलं. गेल्या वर्षी खाकीची थोडी मागणी आली, ती पुरवली. तपासनिसानं हात फिरवून म्हटलं, गिरणीच्या मालापेक्षा ऊबदार आहे. त्यानंतर काहीच नाही. यंदाची कातरणी झाली. काळ्या मेंढ्याही विकून पांढऱ्या घेत गेल्यामुळे जवळजवळ सगळा कळप आता पांढरा आहे. एवढी स्वच्छ लोकर या भागात कुणी पाहिली नसेल. ती पोत्यांत भरून सिद्रामप्पाच्या घरी पडून आहे आणि माग रिकामे आहेत.

बाजारात दोन-चार नेऊन बघितली. एका म्हाताऱ्यानं खाकी कांबळं उचललं, उलटं केलं आणि विचारलं, "हवालदाराचं हाय का? घरात ठिवलं तर पोलीस येतील का?" हे घरी येऊन सांगताना हसले, पण जेवले नाहीत.

धनगराच्या लग्नात नवरा-नवरी बापाच्या कळपाच्या काळ्या घोंगडीवर बसतात. बिराप्पाच्या पुतणीच्या लग्नाला त्यांना दुसऱ्या धनगराकडून घोंगडी मागून आणावी लागली.  बिराप्पा रोज संध्याकाळी येतो, ओट्यावर बसतो, आणि विचारतो, "आला का हुकूम?" हे म्हणतात, येतोय. तो म्हणतो, "मंग थांबतो."

खरं सांगा दादा, येतोय का?

तुमची चारू

॥ श्री ॥
दिल्ली, ६ मे १९६५

चि. सौ. चारूस अनेक आशीर्वाद.

हुकूम कुठंतरी सह्यांत अडकला असणार. सरकारी कामाला हत्तीचे पाय असतात, हळू पडतात पण पडतात. आता मुख्य बातमी: यंदाही संरक्षणाचा खर्च वाढला आहे! मी आकडा डोळ्यांनी पाहिला. पैसा जास्त असताना मागणी बंद होईल हे कसं शक्य आहे? उशीर आणि नकार यांत फरक असतो.

गोपाळरावांना माझं एकच सांगणं, थांबा. बिराप्पालाही थांबायला सांगा. या वेळी घाई करून काळी मेंढरं परत आणली आणि मागून हुकूम आला, तर दोन्हीकडून फजिती होईल.

दादा

॥ श्री ॥
नळदुर्ग, १२ सप्टेंबर १९६५

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही सगळे बरे आहात ना? रेडिओवर पाकिस्तानच्या लढाईच्या बातम्या ऐकतो. दिल्लीत दिवे बंद ठेवतात म्हणे. वहिनींना सांभाळा.

इथलं सांगते आणि मला लाज वाटते. लढाई पेटल्याची बातमी आली त्या दिवशी हे धावत बाजारात गेले आणि पेढे घेऊन आले. बिराप्पाला दिले, सिद्रामप्पाला दिले. म्हणाले, "आता कांबळी लागणार!" सिद्रामप्पानं त्याच दुपारी मागाला तेल दिलं. बिराप्पानं पेढा हातात धरला, पण तोंडात घातला नाही. म्हणाला, "मालक, कुणाची तरी पोरं मरत्यात वं."

यांचा चेहरा एवढासा झाला. पेढ्याचा पुडा घेऊन आत आले आणि मला म्हणाले, "चारू, हे मी काय केलं?" मी तो पुडा उकिरड्यावर टाकला. तुमच्या मेव्हण्यांनी आयुष्यात कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. या मागणीची वाट बघता बघता माणसाचं काय झालं बघा.

तरीही मी विचारतेच. येईल का हो आता?

तुमची चारू

॥ श्री ॥
दिल्ली, २० ऑक्टोबर १९६५

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

या वेळी मी अंदाजावर लिहिलं नाही. वरच्या मजल्यावर जाऊन, ज्यांना माहीत असतं त्यांना विचारलं. मन घट्ट करून वाच.

खर्च वाढला हे खरं आहे. पण तो रणगाड्यांवर, विमानांवर, तोफांवर वाढला आहे. पांघरुणांचा भाग उलट कमी झाला. परदेशातून आलेली मदत आणि गिरण्यांचा माल, दोन्ही कोठारांत भरून पडलं आहे. खेड्यांतल्या मागांवरून घ्यायची सोय त्या एका आणीबाणीपुरती केली होती. ती आता बंद झाली. आणि ही लढाई पंजाबच्या उन्हात झाली, चारू. तिथं कुणाला कांबळं लागलं नाही.

मी वरचा मोठा आकडा वाचत राहिलो आणि त्याच्या पोटात काय आहे ते बघितलं नाही. तुमच्यासारखाच फसलो.

गोपाळरावांना हे तूच सांग. माझ्यात धीर नाही. आणि बिराप्पाला सांगा की आता थांबू नकोस.

दादा

॥ श्री ॥
नळदुर्ग, ४ जानेवारी १९६६

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी लगेच यांच्या हातात दिलं. वाचलं, खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवलं, आणि आंघोळीला गेले. त्या दिवसापासून त्या विषयावर एक अक्षर नाही. बिराप्पा संध्याकाळी येऊन विचारायचा, आणि हे म्हणायचे, "येतोय." मी आत उभी राहून ऐकायची. एकदा मी म्हटलं, सांगून टाका. तर म्हणाले, "सांगितलं की तो भंडारा खोटा झाला. सांगितलं नाही तोवर खोटा नाही." असं बोलणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?

यंदा पाऊस नाही. पावसाळा म्हणून आला तो धूळ उडवून गेला. रानात गवताची काडी नाही. पोळ्याच्या सुमाराला कर्नाटकातल्या त्या माणसानं काळ्या मेंढ्या बदल्यात देतो म्हणून निरोप धाडला होता. त्या काटक, पाल्यावर जगणाऱ्या. पांढरी उंच पायांची तशी नाहीत. बिराप्पानं त्याला परत पाठवलं. "मालकानं भंडारा उचललाय, थांबतो," म्हणाला. आता ती पांढरी मेंढरं रोज मरतात. आमच्या मळ्यातला होता नव्हता तो सगळा कडबा यांनी त्यांना घातला. पुरला नाही.

परवा शेवटी हे माळावर गेले आणि देवापुढं सगळं सांगितलं. मी बरोबर होते. बिराप्पा खाली बघत बसला. कडूबाईच्या मांडीवर एक मेंढी तोंड उघडून पडली होती. म्हातारी तिथूनच ओरडली, "ज्याच्या नावानं उचलला त्यानं येऊन ठिवावा! आन तुज्या सरकारला! न्हायतर तुज्या घराला सुख न्हाय!"

 यांनी बिरोबापुढचा चिमूटभर भंडारा रुमालात बांधून घेतला. उद्या दिल्लीला निघत आहेत, तुमच्याकडे. म्हणतात, कुणीतरी एक जण सरकार म्हणून तो हातात घेऊन खाली ठेवेल, एवढंच पाहिजे. मागणी नको, भरपाई नको. मी खूप समजावलं. छातीत मधून मधून कळ येते, तेही लपवतात. त्यांना हसू नका दादा. कचेरीत कुणाला हसू देऊ नका.

तुमची चारू

॥ श्री ॥
नळदुर्ग, १९ जानेवारी १९६६

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मिळताच आधी यांना वाचून दाखवा, मग बाकीचं.

आज बिराप्पा आणि कडूबाई चालत घरी आले. म्हातारी माझ्या पायावरच पडली. एवढी मोठी बाई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाली, "लेकी, माज्या तोंडात किडं पडूं दे. मेंढरू मांडीवर मरत हुतं, तवा बोलले म्या. देव न्हाय बोलला." हे गेल्यापासून तिला चैन नव्हती. काल त्यांनी बिरोबाला कौल लावला. उजवं फूल पडलं. पुन्हा लावला, पुन्हा उजवं. देवानं आपला भंडारा माघारी घेतला. यांच्यावर आता काहीही नाही.

बिराप्पाचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "मालकाला म्हनावं, सरकार गावना तर ऱ्हाऊ द्या. तुमी या. जबान तुमी खोटी दिली न्हाय, तुमालाबी कुनी तरी दिलीच हुती. दोन काळ्या मेंढ्या ऱ्हायल्यात, तेवड्यावर पुन्ना उभं ऱ्हाऊ. आमच्यात कुनाच्या मनात राग न्हाय."

तार करणार होते. पण तारेत हे कसं बसवू? 'बिरोबानं सोडलं' असं चार शब्दांत वाचलं तर यांना वाटेल, काळजीपोटी बायकोनं रचलं. म्हणून बिराप्पाचं बोलणं लिहिलंय आणि कडूबाईनं दिलेली भंडाऱ्याची पुडी आत घातली आहे. ती बघितली की यांचा विश्वास बसेल. बिराप्पा म्हणतो, यांना एस.टी.तून उतरवून घ्यायला तो रोज येणार.

लवकर पाठवा त्यांना.
तुमची चारू

॥ श्री ॥
दिल्ली, २२ जानेवारी १९६६, शनिवार

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

गोपाळरावांना आत्ताच गाडीत बसवून आलो. मनमाड, दौंडवरून सोमवारी दुपारी सोलापूरला उतरतील, सोमवारी येत असल्याची तारही तुला केली आहे. तुझ्या वहिनीचं पोटाचं ऑपरेशन गुरुवारी आहे, नाहीतर मी सोबत आलो असतो. त्यांना एकटं सोडताना जीव थाऱ्यावर नव्हता.

ते आले आणि पंतप्रधान वारल्याची बातमी आली. कचेऱ्या बंद. नंतर उघडल्या तर कुणी जागेवर नाही. रोज सकाळी कोट घालून माझ्याबरोबर यायचे आणि एका बाकावरून दुसऱ्या बाकावर बसायचे. जिना चढताना थांबायचे. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. म्हणाले, "आधी हे."

काल एका साहेबांनी आत घेतलं. भला माणूस होता. गोपाळरावांनी रुमाल सोडला आणि आपल्या निजामी हिंदीत म्हणाले, "साब, इस को सिर्फ हात में लेके नीचे रख दो. बस." साहेबांना वाटलं तुळजापूरचा प्रसाद आहे. ते उठून उभे राहिले, बूट काढले, आणि चिमूट घेऊन कपाळाला लावली. मग मी सगळी हकीकत सांगितली. साहेब खुर्चीत बसले. म्हणाले, "मी कुणाच्या नावानं ठेवू? ज्यांनी तो हुकूम काढला ते बदलून गेले. तो खर्च ज्या शीर्षकाखाली होता ते शीर्षकच आता नाही. मी इथं नोव्हेंबरात आलो. मी ठेवला तर तो माझा होईल, सरकारचा होणार नाही. देवापुढं खोटं कसं करू?" त्यांनी चहा मागवला. गोपाळरावांनी तो सगळा प्यायला, नमस्कार केला, रुमाल पुन्हा बांधला.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "विष्णुपंत, माणूस चांगला होता हो. कुणी वाईट भेटला असता तर बरं झालं असतं."

स्टेशनवर मात्र मोकळे वाटले. म्हणाले, "आता माझ्याच नावानं ठेवतो." मी म्हटलं, बरं, पण आधी घरी जाऊन विश्रांती घ्या. ते हसले. त्यांची काळजी घे.

दादा

॥ श्री ॥
दिल्ली, २४ जानेवारी १९६६, सोमवार

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी पोचलं. पुडी फुटून सगळं पत्र पिवळं झालं आहे.  गोपाळराव तर परवाच निघाले!

पण आता काळजीचं कारण नाही. हे पत्र तुला मिळेपर्यंत ते घरी पोचलेले असतील आणि बिराप्पानं स्वतः त्यांना सांगितलेलं असेल. मला त्यांचा तो चेहरा बघायला मिळायला हवा होता. बिराप्पाला माझा नमस्कार सांग. अशा माणसाला मी 'थांब' म्हणून लिहिलं याचं मला फार वाईट वाटतं.

ते पोचल्याचं लगेच कळव.

दादा

नळदुर्ग, २९ जानेवारी १९६६

ती. दादांस नमस्कार.

दिरांनी केलेली तार तुम्हाला मिळाली असेल. तुम्ही येऊ नका असं मीच त्यात घालायला सांगितलं. वहिनींना टाकून येऊ नका. इथं येऊन आता करायचं काही नाही.

तुमची दोन्ही पत्रं काल एकदम आली. पाकिटांवर तुम्ही 'सौ.' लिहिलेलं आहे. पोस्टमन नेहमी नाव वाचून हाक मारतो. काल त्यानं पत्रं उंबऱ्यावर ठेवली आणि न बोलता गेला.

काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं. हे निघाल्याची तुमची तार मिळाली होती, म्हणून सोमवारी सकाळपासून बिराप्पा आमच्या ओट्यावर बसला होता. कडूबाईही होती. तिनं यांच्यासाठी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. सोलापूरची प्रत्येक एस.टी. आली की बिराप्पा उठायचा, थांब्यापर्यंत जायचा आणि परत येऊन बसायचा. मी त्याला चहा दिला. आम्ही दोघांनी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं, की आधी तो सांगेल, मग मी. मी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी चांगली साडी नेसले होते.

हे एस.टी.नं येतच होते. पण गावात आलेच नाहीत. कंडक्टरनं नंतर सांगितलं, माळावर गाडी थांबवायला लावली आणि "थोडं काम आहे, मागून येतो," म्हणून उतरले. माळावर कुणी नव्हतं. ठाण्याजवळ एरवी बिराप्पाच्या घरचं कुणी ना कुणी असतं. त्या दिवशी सगळे माझ्या ओट्यावर होते, यांना सांगायला.

दिवस मावळताना सिद्रामप्पा बैलगाडीनं सोलापूरहून येत होता. त्याला पायरीवर यांची पिशवी दिसली. हे देवाच्या दगडाला टेकून बसले होते. त्याला वाटलं, डोळा लागलाय. रुमाल घडी करून शेजारी ठेवला होता आणि भंडारा देवापुढं ठेवला होता, नीट, बेलाच्या पानावर. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. गाव म्हणतं, बिरोबा. गावाला काय, कशाचं तरी नाव पाहिजे असतं.

यांना घरी आणलं तेव्हा बिराप्पा ओट्यावरून उठलाच नाही.  एकच बोलत राहिला, "आक्का, म्या हितं बसलो हुतो वं. म्या हितंच बसलो हुतो." मी बाई माझं रडणं विसरून त्याच्या तोंडाला पाणी लावत होते. नेताना तो खांदा द्यायला पुढं झाला. भाऊबंद कुरकुरले. मी आतून ओरडले, "देऊ दे त्याला!" जन्मात पहिल्यांदा माझा आवाज रस्त्यावर गेला. मग भाऊबंद बाजूला सरकले.

कडूबाई अन्नाला शिवत नाही. तिला मी सांगते, तुमच्या बोलण्यानं काही झालं नाही. ती मान हलवते. खरं तर मीही मनाशी विचारत राहते: तार का केली नाही? तीन-चार शब्द तर होते. यांना खोटं वाटेल म्हणून मी लांबलचक पत्र लिहीत बसले. विश्वास बसला नसता, तरी घरी तर आले असते. दादा, तुम्ही मोठे आहात, तुम्ही सांगा की आले नसते. तुमच्या शब्दावर मी अजूनही विश्वास ठेवीन.

तुम्ही लिहिलंत ते साहेब, त्यांच्यावर माझा राग नाही. तुमच्यावर नाही. कुणावर धरावा तेच सापडत नाही, आणि रागाशिवाय हे दुःख फार जड जातं. हेही दिल्लीत तेच शोधत होते, नाही का? एक कुणीतरी, जो म्हणेल की हो, हे मी केलं. शेवटी तो इथलाच निघाला. यांनी दुसऱ्याचं ओझं स्वतःच्या नावावर केलं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही.

सिद्रामप्पाच्या घरी ती पांढरी लोकर अजून तशीच आहे. तो म्हणतो, काय करू? मला माहीत नाही.

पुढच्या महिन्यात नवं अंदाजपत्रक येईल. तुम्ही सवयीनं वाचाल. खर्च वाढला, घटला, इकडचा तिकडं गेला, काय असेल ते असो. मला कळवू नका.

तुमची
चारू